तेलाचे शिखर: एका भाकिताची कथा

आपल्यापैकी जी कुटुंबे सत्तरीच्या सुरुवातीला अमेरिकेत आली, त्यांना १९७३-७४ च्या हिवाळ्यातल्या गॅस स्टेशनपुढच्या रांगा आठवत असतील. काही राज्यांत नंबरप्लेटचा आकडा सम की विषम, यावर गॅस मिळण्याचा दिवस ठरे. अरब देशांनी तेलबंदी केली आणि तीन डॉलरच्या आसपासचे पिंप जवळजवळ बारा डॉलरवर गेले.

पण या टंचाईची मुळे त्याआधीची होती. शेल कंपनीतील भूशास्त्रज्ञ किंग हबर्ट यांनी १९५६ साली सॅन अँटोनिओ येथे आपला हिशेब मांडला. तेलक्षेत्राचे उत्पादन वाढते, शिखर गाठते आणि मग उतरते. अमेरिकेचे शिखर १९६५ ते १९७० च्या सुमारास येईल, असे ते म्हणाले. अनेकांनी ते हसण्यावारी नेले. १९७० साली अमेरिकेचे उत्पादन रोज सुमारे ९६ लाख पिंपांवर पोचले आणि उतरू लागले. १९७२ मध्ये टेक्सासने विहिरींवरची मर्यादा उठवली. म्हणजे अडीअडचणीला राखून ठेवलेले तेल उरलेच नव्हते. म्हणून पुढच्या वर्षीचा घाव इतका वर्मी लागला.

जगाचे शिखर २००० च्या सुमारास येईल, हे हबर्ट यांचे भाकीत मात्र चुकले. १९९८ साली कॅम्पबेल आणि लाहेरेर यांनी तोच इशारा नव्याने दिला. जुलै २००८ मध्ये पिंप १४७ डॉलरला भिडले, तेव्हा तो खरा वाटला. पण त्याच चढ्या भावामुळे टेक्सास आणि नॉर्थ डकोटातले खडक फोडून तेल काढणे परवडू लागले. २०१८ मध्ये अमेरिकेने १९७० चा उच्चांक मोडला.

मग हबर्ट चुकले म्हणून निर्धास्त व्हावे का? आम्हांला तसे वाटत नाही. सहज निघणाऱ्या तेलाचा त्यांचा हिशेब बरोबर होता. खडकातल्या विहिरी पहिल्या दोन-तीन वर्षांतच झपाट्याने आटतात. सतत नव्या खोदाव्या लागतात, आणि भाव पडला की खोदणे थांबते. आता तर उत्पादनाऐवजी मागणीचेच शिखर आधी येईल का, यावर वाद आहे.

भारत आपल्या गरजेचे ८० टक्क्यांहून अधिक तेल बाहेरून आणतो. तेव्हा तेल कधी संपणार, यापेक्षा पुढचे पिंप केवढ्याला पडणार, हा प्रश्न आपल्या इथल्या आणि तिकडच्या, दोन्ही घरांना अधिक जवळचा आहे.