घाबरलेल्याला ‘लक्ष देऊ नकोस’ म्हणू नका

हुबळीजवळच्या तारिहाळसारख्या औद्योगिक वसाहतीत शेडवर पत्रे बसवायला चढणाऱ्या नव्या पोराला ठरलेला सल्ला मिळतो: “काही होत नाही रे, मन घट्ट कर, खाली बघू नकोस.” घरी चक्कर येणाऱ्या आजीलाही आपण जवळपास हेच सांगतो. यामागचं मत सर्वमान्य आहे. भीती मनात उपजते, धडधड, घाम, पायांचं लटपटणं हे तिचे परिणाम. तेव्हा शरीराकडे दुर्लक्ष केलं की भीती ओसरते. माझ्या मते हा सिद्धान्त चुकीचा आहे, आणि उंचीवर काम करणाऱ्याच्या जिवाशी खेळणारा आहे.

पूर्वपक्षाचं बळ आधी मान्य करू. पॅनिकचे झटके येणारा माणूस सारखी नाडी चाचपतो आणि त्यातच अधिक घाबरतो, हे खरं. डेव्हिड क्लार्क यांनी 1986 मध्ये याचीच उपपत्ती मांडली. पण ती नीट वाचली तर पूर्वपक्षावरच उलटते. धडधड जाणवते तिथवर बिघडत नाही. ‘हार्ट अटॅक आला’ असा तिचा अर्थ लावला की झटका वाढतो. म्हणून तर उपचारात या संवेदना मुद्दाम जागवतात: खुर्चीत गरगर फिरवतात, भरभर श्वास घ्यायला लावतात. रुग्ण त्या संवेदनेशी ओळख करून घेतो, आणि ओळख झाली की धास्ती कमी होते.

भीतीची सुरुवात शरीरातून होते, असं विल्यम जेम्स यांनी 1884 मध्येच सुचवलं होतं. वॉल्टर कॅनन यांनी 1927 मध्ये त्यावर कठोर टीका केली. जेम्स यांचं सगळंच बरोबर नव्हतं. पण 2013 मध्ये प्रसिद्ध झालेला एक प्रयोग विसरता येत नाही. मेंदूतलं भीतीचं केंद्र मानलं जाणारं अमिग्डाला दोन्ही बाजूंनी निकामी झालेल्या तीन स्त्रियांना 35 टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा हुंगायला दिली. त्यांच्यातली एक तर साप पाहूनही न घाबरणारी. तरीही तिघींना पॅनिकचा झटका आला. बाहेर कसलाच धोका नव्हता. भीती आली ती श्वासाच्या वाटेनं. पुढे 2023 मध्ये उंदरांच्या हृदयाचे ठोके प्रकाशाच्या साहाय्यानं वाढवले, तेव्हा जोखमीच्या जागी ते अधिक बिचकू लागले.

तोल आणि भीती यांचं नातं तर याहून जवळचं आहे. अंतर्कर्णातून तोलाची खबर मेंदूच्या ज्या भागांत पोचते, त्यांचे धागे भीतीच्या यंत्रणेशी जुळलेले आहेत. उंचावर नजर टेकायला जवळ काही नसतं, त्यामुळे आपण किती डोलतोय हे डोळ्यांना नीट कळत नाही. मग घोटे ताठरतात, शरीर बारीक पण भरभर डोलू लागतं. ही थरथर म्हणजे तोलाच्या यंत्रणेचा निरोप आहे. जवळच्या स्थिर वस्तूवर नजर ठेव, हा सल्ला म्हणूनच योग्य. पायांकडे दुर्लक्ष कर, हा नव्हे.

एक भेद मात्र पाळायला हवा. प्रत्येक हेलकाव्यावर पहारा ठेवून तोल मुद्दाम सावरायला गेलं की शरीर आणखी आखडतं. निरोप ऐकावा, मग हात कामाला आणि नजर स्थिर जागी लावावी. 1940च्या दशकात कॉथॉर्न आणि कुक्सी यांनी चक्करेच्या रुग्णांसाठी बसवलेले व्यायाम याच धाटणीचे: ज्या हालचालीनं गरगरतं तीच हळूहळू, पुन्हा पुन्हा करायची.

तेव्हा मुकादम आणि सुपरवायझर मंडळींना माझी कळकळीची विनंती आहे. सेफ्टी बेल्ट तपासता तसं चढण्यापूर्वी विचारा: गरगरतंय का? पायांत मुंग्या येतायत का? रात्री झोप झाली, सकाळी काही खाल्लंस? जो ‘हो, आज बरं वाटत नाही’ म्हणेल त्याला खालचं काम द्या, पण त्याची हजेरी कापू नका. हजेरी कापली की पुढच्या वेळी तो बोलणार नाही, आणि खिशातला हाईट पास, म्हणजे उंचीवर काम करण्याचा परवाना, त्याचा तोल सांभाळू शकणार नाही.