घाट उतरणारी गाडी आणि ट्रिप होणारा ड्राइव्ह

परभणीतल्या आमच्या प्रयोगशाळेत एक मोटर पटकन थांबवायची होती. शाफ्टवर जड फ्लायव्हील, मोटर व्हीएफडीवर. मी डिसेलरेशन टाइम २० सेकंदांवरून ३ वर आणला. स्टॉप दाबलं की ड्राइव्ह ट्रिप: ओव्हरव्होल्टेज! दोन दिवस मी सप्लायमध्ये दोष शोधत बसलो. दोष तिथे नव्हताच. फिरणाऱ्या चाकातली ऊर्जा कुठे जाणार, हा प्रश्नच मी विचारला नव्हता. तो प्रश्न बोर घाटातल्या रेल्वेला आपल्याआधी पडला होता.

हा रेल्वेमार्ग १८६३ साली सुरू झाला. चढ १,८३१ फूट, म्हणजे साधारण ५५८ मीटर. सर्वांत तीव्र उतार ३७ ला १. आता एक साधं गणित करा. १,००० टनांची गाडी एवढं खाली उतरली तर mgh येतं सुमारे १,५०० युनिट वीज. वाफेच्या काळात ही सगळी ऊर्जा ब्रेकच्या ठोकळ्यांत उष्णता होऊन जायची. ताबा सुटलेल्या गाडीसाठी चढावर संपणारा वेगळा रूळ, म्हणजे कॅच सायडिंग, ठेवलेला असायचा.

३ फेब्रुवारी १९२५ रोजी मुंबईत व्हिक्टोरिया टर्मिनस ते कुर्ला अशी देशातली पहिली विजेची गाडी १,५०० व्होल्ट डीसीवर धावली. १९३० पर्यंत तारा पुण्याला पोचल्या. घाटात मालगाड्यांसाठी ‘खेकडा’ इंजिनं आली. उतारावर त्यांच्या मोटरी जनित्र व्हायच्या आणि वीज तारेत परत जायची. यालाच रिजनरेटिव्ह ब्रेकिंग म्हणतात.

पण यात एक मेख आहे. परत आलेली वीज घेणारं कुणीतरी हवं, उदाहरणार्थ त्याच वेळी घाट चढणारी दुसरी गाडी. घेणारं कुणीच नसेल तर तारेतलं व्होल्टेज चढतं. मग दुसरा उपाय उरतो: ती वीज इंजिनावरच्याच रेझिस्टरमध्ये जाळायची. हेच डायनॅमिक ब्रेकिंग.

आता माझा ड्राइव्ह बघा. साध्या व्हीएफडीच्या तोंडाशी डायोड असतात. वीज आत येते, मागे जात नाही. ४१५ व्होल्ट सप्लायवर डीसी बस साधारण ५८७ व्होल्टची. मोटर वेगाने थांबवली की ऊर्जा बसच्या कपॅसिटरमध्ये साचते, व्होल्टेज ८०० च्या आसपास गेलं की ट्रिप. म्हणजे घाटात घेणारी गाडीच नाही!

उपाय म्हणजे ब्रेकिंग चॉपर आणि रेझिस्टर. सेटिंग करताना चार गोष्टी पाहा:

१. चॉपर चालू करा. थांबण्याचा वेळ आपोआप लांबवणारं ओव्हरव्होल्टेज कंट्रोल बंद करा, नाहीतर रेझिस्टर नुसताच बसून राहील.
२. रेझिस्टरचे ओहम मॅन्युअलमधल्या किमान आकड्याखाली नेऊ नका, चॉपर जळेल.
३. वॅट ठरवताना एका थांब्याची ऊर्जा (½Iω²) आणि दर मिनिटाला किती थांबे, दोन्ही धरा.
४. रेझिस्टरचा थर्मल स्विच असा जोडा, की तापल्यावर ड्राइव्हचा मुख्य सप्लायच तुटेल.

आणि हेही लक्षात ठेवा: वेग शून्याजवळ आला की हा ब्रेक विरतो. भार धरून ठेवायला यांत्रिक ब्रेक लागतोच. घाटातल्या इंजिनांनीही तो कधी काढला नाही.

संशोधनाला सुरुवात करणाऱ्यांना माझं एवढंच सांगणं: मॅन्युअल उघडण्याआधी कागदावर ऊर्जेचा हिशोब मांडा. माझे दोन दिवस गेले, तुमचे जाऊ नयेत.