शिवराई : घरगुती सफाईचे धोके

मराठेशाहीतील तांब्याचे नाणे. १६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास सुरू झालेली शिवराई पुढे सातारकर छत्रपती आणि पेशव्यांच्या काळातही पाडली जात होती. इंग्रजी अंमल आल्यावरही ती बरीच वर्षे बाजारात चालली. एका बाजूस तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, दुसऱ्या बाजूस दोन ओळींत ‘छत्र पति’ आणि कडेने ठिपक्यांचे वर्तुळ. नाणे हाताने ठोकलेले असल्यामुळे सगळा मजकूर त्यावर क्वचितच मावतो. ‘शिव’ की ‘सिव’, ‘पति’ की ‘पती’, दोन ओळींमध्ये दांडी आहे की नाही, अशा बारकाव्यांवरून प्रकार ठरतो. घरी साफ करताना आधी जातात ते हेच बारकावे. एखादा दुर्मीळ प्रकार असा कायमचा पुसला जातो, आणि संग्राहकाला त्याचा पत्ताही लागत नाही.

थर : जुन्या तांब्यावर आत लालसर तपकिरी ऑक्साइड आणि त्यावर काळपट किंवा हिरवे पुट असते. बराच काळ मातीत राहिलेल्या नाण्याचा मूळ पृष्ठभाग पुष्कळदा धातूत उरलेलाच नसतो. तो या लाल थरात टिकून असतो. वेलांटीची कड दिसते ती थराची. तो उतरवला की खाली खड्डे पडलेले तांबे लागते आणि अक्षर बोथट होते.

चिंच, लिंबू, व्हिनेगर : यांतील आम्ले ऑक्साइड आणि हिरवे पुट दोन्ही विरघळवतात. नाणे गुलाबी निघते, काही दिवसांत डागाळत पुन्हा काळवंडते, पण आता एकसारखे नाही. वजनही घटते. सुरुवातीच्या शिवराईचे वजन साधारण ११ ते १३ ग्रॅम धरतात आणि पुढची नाणी हलकी होत गेली, म्हणून काळ ठरवताना वजनाचा आधार घ्यावा लागतो. आम्लात बुडवलेल्या नाण्याचे वजन त्या कामाचे राहत नाही.

सर्वांत घातक म्हणजे लिंबाबरोबर मीठ. मिठातील क्लोराइड तांब्याच्या छिद्रांत शिरते आणि तेथे क्युप्रस क्लोराइड तयार होते. दमट हवा लागताच त्याची फिकट हिरवी भुकटी आणि हायड्रोक्लोरिक आम्ल बनते. ते आम्ल पुन्हा तांबे खाते आणि चक्र सुरू राहते. संवर्धक याला ‘ब्राँझ डिसीज’ म्हणतात. कोकणातल्या पावसाळ्यात त्याला हवी तेवढी आर्द्रता मिळते. गडद, घट्ट, गुळगुळीत हिरवा थर निरुपद्रवी असतो, त्याला हात लावू नये. बोटाला लागणारी, पुसली तरी पुन्हा उगवणारी फिकट भुकटी दिसली, तर ते नाणे ताबडतोब इतरांपासून वेगळे करून कोरड्या डबीत सिलिका जेलसोबत ठेवावे.

घासणे : राख, रांगोळी, टूथपेस्ट, तांब्यापितळेच्या भांड्यांची पूड, काथ्या, तारेची घासणी. भिंगाखाली बारीक समांतर रेघा दिसतात; त्या मिटत नाहीत. अशा नाण्याला कधी बूटपॉलिश चोळून काळपटपणा आणलेला असतो. तो अक्षरांच्या खाचांत साचतो आणि उंचवट्यांवरून निघून जातो, त्यावरून ओळखावे.

चांदी : ब्रिटिशकालीन रुपयाचा काळेपणा अ‍ॅल्युमिनियम फॉइल, सोडा आणि गरम पाण्याने जातो, पण रंग निर्जीव होतो.

होन (सोन्याचे नाणे) : सोने गंजत नाही, पण मऊ असते. घासू नये.

निरुपद्रवी उपाय : डिस्टिल्ड वॉटरमध्ये भिजवणे, सुटलेली माती बांबूच्या काडीने हलकेच काढणे, पूर्ण वाळवणे. प्लास्टिकच्या पाकिटाचा चिकटपणा शुद्ध अ‍ॅसिटोनने निघतो. मात्र ते ज्वालाग्राही आहे. ऑलिव्ह तेलात भिजवण्याबद्दल मतभेद आहेत.

मूल्य : एनजीसी आणि पीसीजीएस या अमेरिकी संस्था चुकीच्या पद्धतीने साफ केलेल्या नाण्याला सहसा अंकांतील श्रेणी देत नाहीत, खरेपणा आणि दोष नोंदवतात.

कायदा : जमिनीत दडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा ठेवा सापडल्यास १८७८ च्या निखात निधी अधिनियमानुसार जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे लागते. त्याआधी नाणी धुऊ नयेत, एकमेकांना चिकटलेली सोडवू नयेत. कारण ती ज्या कापडात बांधून पुरली असतील त्याचे धागे गंजात जसेच्या तसे टिकलेले आढळतात.