जोहारापासून बापापर्यंत : नगर रस्त्यावरच्या प्रार्थनेचा इतिहास

देवाशी जवळीक हाच प्रार्थनेचा गाभा आहे, असे ख्रिस्ती उपदेशक नेहमी सांगतात. पाठ केलेले शब्द बाजूला ठेवा, मागण्यांची यादी मिटवा, देवाजवळ निवांत बसा, म्हणजे प्रार्थना खोल होईल, असा हा उपदेश आहे. ऐकायला तो साधा वाटतो. पण ज्या माणसाला पिढ्यान्‌पिढ्या देवाच्या दारापासून हाकलले गेले, त्याच्या लेखी 'जवळ' या शब्दाचा अर्थ काय? मनाची अवस्था होण्याआधी जवळीक ही अंतराची बाब असते. कोणी कुठवर यायचे, कोणी कुठे थांबायचे, कोणाची सावली कुठे पडू द्यायची, हे या देशात देवाने ठरवले नाही, जातीने ठरवले. म्हणून देवाशी जवळीक हा विषय भाविकांचा खाजगी विषय राहत नाही. तो आपल्या सामाजिक इतिहासाचा विषय होतो.

या पानांच्या वाचकांपैकी अनेकांनी १४ ऑक्टोबर १९५६ च्या नागपूरच्या धम्मदीक्षेचा वारसा घेतला आहे. देव त्यांनी नाकारला आहे. त्यांना वाटेल की हा विषय आपल्या कामाचा नाही. पण आपल्याच महार-मांगांतली हजारो कुटुंबे बाबासाहेबांच्या आधी आणि नंतरही ख्रिस्ताकडे गेली. ती का गेली, आणि गुडघे टेकून त्यांनी काय मिळवले नि काय गमावले, हे समजून घेतल्याशिवाय दलितांच्या मनाचा इतिहास पुरा होणार नाही.

पुण्याहून पूर्वेला जाणारा नगर रस्ता या इतिहासाचा जणू एक धागा आहे. खराडीपाशी उभे राहिले की तो हाताशी येतो. मुळा-मुठेच्या काठचे हे गाव आज काचेच्या इमारतींनी आणि संगणक कंपन्यांनी वेढलेले आहे. शहराच्या बाजूला थोड्याच अंतरावर रामवाडीला कॅथॉलिक धर्मगुरू घडवणाऱ्या संस्था आहेत. तिथले ज्ञानदीप विद्यापीठ १९५५ मध्ये श्रीलंकेतल्या कँडीहून पुण्यात आले. दुसऱ्या बाजूला वाघोली, लोणीकंद ओलांडले की कोरेगाव भीमा येते. तिथल्या विजयस्तंभापाशी बाबासाहेब १ जानेवारी १९२७ रोजी आले होते. तोच रस्ता पुढे अहमदनगरला, म्हणजे आताच्या अहिल्यानगरला जातो. तिथे अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये ठाणे मांडले. खराडीच्या आग्नेयेला, दौंड तालुक्यात, पंडिता रमाबाईंचे केडगाव आहे. म्हणजे दलितांच्या स्वाभिमानाचा स्तंभ आणि ख्रिस्ती प्रार्थनेची मोठी केंद्रे खराडीपासून एकेका दिवसाच्या वाटेवर आहेत. ती एकमेकांशी क्वचितच बोलली.

या कथेचा आरंभ मात्र पंढरपुरात आहे. चोखोबाची विठ्ठलाशी जवळीक कोणाही संताहून कमी नव्हती. तरी ती महाद्वाराबाहेरची जवळीक होती. मंगळवेढ्याला गावकुसाची भिंत अंगावर कोसळून तो गेला, आणि समाधीसाठीही त्याला महाद्वारासमोरचीच जागा मिळाली. त्या देवळाचे दार उघडायला १९४७ साल आणि साने गुरुजींचे उपोषण लागले. मनाने देवाच्या गळ्यात आणि देहाने पायरीशी, अशी ही फाटलेली भक्ती होती. वारकरी परंपरेने तिचे कौतुक केले. तिच्यावरचा अन्याय मात्र दूर केला नाही. बाबासाहेबांनी १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या मुळाचा शोध घेणारा ग्रंथ नंदनार, रविदास आणि चोखोबा यांच्या स्मृतीस अर्पण केला. त्या अर्पणात आदर आहे, तशी एक ठसठसही आहे.

दलालाशिवाय देव असू शकतो, हे महाराष्ट्रात रोखठोक सांगितले ते जोतीराव फुल्यांनी. १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन करताना त्यांनी निर्मिक आणि माणूस यांच्यामधल्या भटाला रजा दिली. त्याच वर्षीच्या 'गुलामगिरी'त त्यांनी येशूला बळीराजाच्या रांगेत बसवले. फुले ख्रिस्ती झाले नाहीत. पण मध्यस्थाशिवायची प्रार्थना हा माणसाच्या हक्काचा भाग आहे, हे त्यांनी ओळखले. पुढचा सगळा हिशेब याच कसोटीवर तपासता येईल.

नगर जिल्ह्यातल्या खेड्यांत मिशनच्या मंडळ्या उभ्या राहिल्या, त्यांत बहुसंख्य महार होते. पुढे मांगही आले. दुष्काळात धान्यासाठी बाटले, असा टोमणा त्यांना आजवर मारला जातो. भुकेल्या माणसाने धान्य घेतले यात लाज कसली? येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतच रोजच्या भाकरीची मागणी आहे. ज्यांची कोठारे भरलेली असतात तेच भाकरी आणि भक्ती यांची ताटे वेगळी मांडतात.

खरा बदल हाकेत झाला. महाराने वाड्यापुढे जायचे ते वाकून, दूर उभे राहून, 'जोहार मायबाप' म्हणत. मायबाप हा जगातला सर्वांत जवळचा शब्द; तो इथे सर्वांत लांबून उच्चारावा लागे. वेसकराच्या भाकरीसाठी, बलुत्याच्या पेंढीसाठी नात्याचा शब्द असा गुलामीत खर्ची पडला होता. मंडळीत आलेल्या त्याच महाराला सांगण्यात आले की देवाला बाप म्हण. येशू देवाला 'अब्बा' म्हणे. त्याच्या अरामी बोलीतला हा घरगुती शब्द. मराठी ख्रिस्ती घरांत 'देवबापा' ही हाक रुळली. ज्या तोंडाने पाटलाला मायबाप म्हटले, त्याच तोंडाने देवाला बाप म्हणायचे, आणि तेही जमिनीवर डोके न घासता! धर्मशास्त्राच्या ग्रंथांत या घटनेची नोंद सापडणार नाही. दलिताच्या देवाशी झालेल्या जवळिकीचा पहिला पुरावा मात्र हाच आहे.

या हाकेला मराठी गाणे मिळाले ते नारायण वामन टिळकांमुळे. १८९५ मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. तुकारामाच्या वाटेने आपण ख्रिस्तापाशी आलो, असे ते सांगत. परदेशी चालीवर ओढूनताणून बसवलेल्या गीतांऐवजी त्यांनी मंडळीला अभंग दिले, आणि ख्रिस्ताला आई, सखा, गुरू अशा नात्यांनी हाक मारायला शिकवले. १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून त्यांनी साताऱ्याला 'देवाचा दरबार' मांडला. तिथे बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही जागा होती. प्रार्थना ही संस्थेची सनद नसून नाते आहे, एवढे त्यातून त्यांना दाखवायचे होते. १९१९ मध्ये ते गेले आणि दरबार बहरायचा राहिला.

टिळकांचे ऋण मान्य करूनही एक गोष्ट नोंदवली पाहिजे. तुकारामाचा पूल टिळकांना सापडला, कारण त्यांना त्या पुलापर्यंत जाण्यापासून कोणी अडवले नव्हते. त्यांचे अभंग ज्या महार-मांग वस्त्यांत गायले गेले, तिथल्या लोकांकडे एकतारी आणि भजन आधीपासून होते; नव्हता तो पुलावर चढण्याचा हक्क. म्हणून तोच अभंग टिळकांच्या तोंडी परंपरेशी समेट ठरतो आणि वस्तीच्या तोंडी परंपरेवरचा ताबा ठरतो. लक्ष्मीबाईंचा बाप्तिस्मा पतीनंतर पाच वर्षांनी, १९०० मध्ये झाला. मनातले सोवळे गळून पडायला किती झगडावे लागले, हे त्यांनी 'स्मृतिचित्रे'त प्रांजळपणे लिहिले आहे. ब्राह्मणाला देवाजवळ जाताना सोवळे टाकावे लागले आणि महाराला भीती टाकावी लागली. दोघांची प्रार्थना खोल झाली, पण दोघांनी उतरलेल्या पायऱ्या वेगळ्या होत्या.

पंडिता रमाबाईंचा अनुभव या बाबतीत फार बोलका आहे. १८८३ मध्ये इंग्लंडात त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे १९०७ च्या आपल्या साक्षीत त्यांनी कबुली दिली की, बाप्तिस्म्यानंतर कितीतरी वर्षांनी त्यांना उमगले : आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला, ख्रिस्त सापडायचा राहिला आहे. एवढ्या विदुषीने इतके स्पष्ट बोलावे, हे विशेष. त्याच साक्षीत त्यांनी लिहिले आहे की शास्त्रे वाचून स्त्रियांना मोक्षाचा मार्ग बंद असल्याचे त्यांना कळले, आणि खालच्या जातींना तर कसलीच आशा ठेवलेली नाही हेही दिसले. म्हणजे देवाच्या जवळ जाण्याची त्यांची ओढ आणि शास्त्रांविरुद्धचा त्यांचा संताप एकाच मुळातून फुटले होते.

केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये दुष्काळातून वाचवलेल्या मुली होत्या, अनेक जातींच्या. १९०५ च्या जानेवारीत रमाबाईंनी त्यांना रोज एकत्र प्रार्थनेला बोलावले. सुमारे सत्तरजणी पुढे आल्या. जूनपर्यंत ती संख्या साडेपाचशेवर गेली. जूनच्या अखेरीस तिथे जे उसळले त्याला ख्रिस्ती इतिहासात संजीवन म्हणतात. मुली मोठ्याने रडल्या, एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. काही गोऱ्या मिशनऱ्यांना हा गोंगाट शोभला नाही. रमाबाईंनी मुलींची बाजू घेतली : विलायती शिस्तीत न बसणारी प्रत्येक गोष्ट सैतानाची कशी ठरते, असा त्यांचा सवाल होता. उपासमार, वैधव्य आणि बेवारसपण सोसलेल्या मुलींनी देवापुढे आवाज चढवला होता. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांचे रडणे कोणी अडवले नाही. त्यांच्यासाठी रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून बायबलचे भाषांतर केले, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत. १९२२ मध्ये मृत्यू येईपर्यंत हे काम त्यांच्या हाताखाली होते. पंडिती मराठीत देवाशी जवळीक होत नाही, हे त्या पंडितेनेच ओळखले.

आता रामवाडीकडे वळू. १९७० नंतरच्या दशकात जेझुइट धर्मगुरू अँथनी डिमेलो यांनी पुण्यात 'साधना' नावाची प्रार्थनेची शाळा सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला गेली. १९७८ मध्ये त्याच नावाचे त्यांचे पुस्तक आले आणि जगभर पोचले. श्वासाकडे लक्ष देणे, देहाच्या संवेदना न्याहाळणे, या पौर्वात्य पद्धती त्यांनी ख्रिस्ती प्रार्थनेत आणल्या. त्यांच्या एका पाठात रिकामी खुर्ची आहे. समोर एक खुर्ची ठेवायची, तीवर येशू बसला आहे असे मानायचे आणि मित्राशी बोलावे तसे बोलायचे. एका आजारी माणसाची गोष्ट ते सांगत : तो असाच खुर्चीशी बोले, आणि मृत्यूच्या वेळी त्याचे डोके त्या खुर्चीवर टेकलेले सापडले. १९८७ मध्ये डिमेलो वारले. १९९८ मध्ये रोमच्या धर्मसत्तेने त्यांच्या काही विचारांविषयी इशारा दिला. फुल्यांनी ओळखलेला दलाल कोणत्याही धर्मात सहज हटत नाही, हेच यातून दिसते.

खुर्चीचा हा पाठ सुंदर आहे. पण दलिताच्या मनात त्याने वेगळाच प्रश्न उभा राहतो. शाळेत ज्याला घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसावे लागले, त्या भीमरावाच्या समाजाला खुर्ची कोणी दिली होती? आमच्या प्रार्थनेची सुरुवात समोरच्या रिकाम्या खुर्चीपासून होत नाही. आधी आपण कुठे बसलो आहोत हे पाहावे लागते. देव खुर्चीवर आणि भक्त उंबऱ्याखाली, ही तर जुनीच मांडणी झाली. देव आणि माणूस एकाच सतरंजीवर बसतात तेव्हाच जवळीक हा शब्द खरा होतो.

इथेच बाबासाहेबांचा आक्षेप येतो, आणि तो टाळून पुढे जाता येत नाही. धर्मांतरित अस्पृश्यांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले प्रकरण १९८९ मध्ये त्यांच्या समग्र वाङ्मयाच्या पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. चर्चमध्येही जात शिल्लक राहिली, हे तर ते दाखवतातच. त्यांचा खोल आक्षेप पापाच्या शिकवणीवर आहे. तुझे दुःख तुझ्या पापाचे फळ आहे असे सांगितले की माणूस परिस्थितीवर तुटून पडायचे सोडतो आणि स्वतःलाच दोष देतो. कर्मविपाकाने जे केले तेच मग नव्या वेशात घडते. १९३८ च्या जानेवारीत सोलापूरला ख्रिस्ती श्रोत्यांपुढे बोलताना बुद्ध आणि ख्रिस्त या दोघांबद्दल त्यांनी आदर व्यक्त केला होता. दक्षिणेतल्या चर्चमधल्या जातीबद्दल मात्र त्यांनी श्रोत्यांना सुनावलेही होते.

हा आक्षेप मराठी मंडळ्यांनाही लागू पडतो. कुठे साहेबाचा बंगला नवा वाडा झाला, कुठे वेतनी धर्मसेवक नवा पाटील झाला. लग्न जुळवताना जुनी जात अजून विचारली जाते. अशा ठिकाणी देवाशी जवळीक म्हणजे शेजाऱ्यापासून पळ काढण्याची सोय ठरते. डोळे मिटले की जात दिसत नाही, हे खरे. पण डोळे उघडल्यावरही ती दिसू नये, अशी ही प्रार्थना शिकवते.

राज्यसंस्थेनेही या प्रार्थनेची किंमत वसूल केली आहे. १९५० च्या अनुसूचित जातींच्या आदेशाने सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६ मध्ये शिखांना आणि १९९० मध्ये बौद्धांना त्यांत घेतले. ख्रिस्ती दलित बाहेर राहिला. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये ही धर्माची अट काढण्याची शिफारस केली. २०२२ मध्ये पुन्हा बालकृष्णन आयोग नेमावा लागला. गावाच्या लेखी जो महारच राहतो, तो 'देवबापा' म्हटल्याबरोबर सरकारी कागदावर महार उरत नाही!

मग या जवळिकीचे काय करायचे? अरविंद निर्मल यांनी १९८१ मध्ये बंगळूरच्या व्याख्यानातून दलितांच्या ख्रिस्ती चिंतनाला वाट करून दिली. त्यांच्या मांडणीत वेदना आधी येते आणि कृती मागून. दलिताला देव कळतो तो आपल्या सोसण्यातूनच. या मांडणीत पापाचा ठपका सोसणाऱ्यावर राहत नाही. देव सोसणाऱ्याच्या बाजूला येऊन बसतो. बाबासाहेबांच्या आक्षेपाला ख्रिस्ती बाजूने मिळालेले हे सर्वांत प्रामाणिक उत्तर आहे. ते पुरे पडते की नाही, हे प्रवचनातून ठरणार नाही. नगर रस्त्याच्या खेड्यांत काय घडते त्यावरून ते ठरेल.

प्रार्थना खोल झाली की नाही हे ओळखायची एक साधी खूण इतिहासाने आपल्या हाती दिली आहे. प्रार्थना करून उठलेल्या माणसाचा कणा पाहावा. तो ताठ झाला असेल, शेजारच्या मांगाच्या घरी तो जेवायला बसत असेल, मजुरी बुडवणाऱ्याच्या डोळ्याला डोळा देत असेल, तर त्याची देवाशी जवळीक खरी मानावी. आपण देव मानत नसलो तरीही. तो अधिक वाकून बाहेर पडत असेल, तर त्याच्या ओठांवर 'देवबापा' असले तरी आत जुना जोहारच चालू आहे. हीच खूण आपल्या वंदनेलाही लावून पाहायला हरकत नाही. कोरेगावचा स्तंभ आणि नगरची मंडळी एकाच रस्त्यावर आहेत. आता तरी त्यांनी एकमेकांशी बोलायला हवे.