प्रवरेकाठची मोजपट्टी

मराठीच्या अध्यापकांनी विज्ञानाच्या पाठ्यपुस्तकात डोकावू नये असा काही नियम नाही. पण आम्ही सहसा डोकावत नाही, हे खरे. गेल्या वर्षी मात्र तसा प्रसंग आला. आमचे एक स्नेही आपल्या जिल्ह्याच्या पूर्व भागातील एका शाळेत सहावीला विज्ञान शिकवतात. लांबीचे मापन आणि गतीचे प्रकार हा भाग त्यांनी नुकताच संपवला होता. वर्गात त्यांनी एक साधा प्रश्न विचारला : तुमचे गाव येथून किती दूर आहे? कोणी पाच किलोमीटर म्हटले, कोणी दहा. ऊसतोडणीहून परतलेल्या कुटुंबातील एका मुलीला तिचे आईवडील जेथे तोडणीला जातात तो कारखाना किती लांब, असे विचारले, तेव्हा ती म्हणाली, "एक रात्र." वर्ग हसला. स्नेह्यांनी तिचे उत्तर दुरुस्त केले, अंतर किलोमीटरमध्येच सांगायचे असते हे समजावले, आणि तास संपला. पण ते उत्तर त्यांच्या मनातून जाईना. त्यांनी आम्हांला विचारले, "ती चुकली असे तुम्हांला वाटते का?"

या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही आमच्याच जिल्ह्याच्या इतिहासात बरेच मागे गेलो. जिल्ह्याचे नाव आता अहिल्यानगर झाले आहे. आमच्या पिढीच्या तोंडी अजून अहमदनगर, किंवा नुसते नगर, असते. नाव कोणतेही घ्या, त्यातून वाहणारी प्रवरा तीच आहे, आणि आमच्या शोधाचा बहुतेक भाग तिच्याच काठाने झाला.

श्रीरामपूर तालुक्यात प्रवरेच्या काठी दायमाबाद आहे. १९५८ मध्ये हे ताम्रपाषाणयुगीन स्थळ पुरातत्त्वज्ञांच्या नजरेस आले, आणि १९७९ पर्यंत तेथे निरनिराळ्या वेळी उत्खनने झाली. त्यांत एकावर एक अशा अनेक वसाहतींचे थर मिळाले. त्यांपैकी उत्तर हडप्पा काळाच्या थरात, म्हणजे सुमारे इ. स. पू. २२०० ते १८०० या काळात, भाजलेल्या मातीची एक मोजपट्टी सापडली. हडप्पा लिपीतील चिन्हे असलेल्या मुद्रा आणि सोन्याचे मणी यांच्या सोबतीने ही साधी वस्तू सहज दुर्लक्षिली जाते. परंतु विचार करून पाहावा : मोजपट्टी ही दोन माणसांमधल्या अविश्वासावरची तोड आहे. माझी वीत आणि तुझी वीत सारखी नाही, हे ज्या दिवशी माणसाला टोचू लागले, त्या दिवशी तिची गरज निर्माण झाली. सहावीच्या धड्यातही मुले आपापल्या वितीने बाक मोजतात आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे येते. प्रवरेकाठी हा धडा चार हजार वर्षांपूर्वी गिरवला गेला होता.

याच दायमाबादेत १९७४ मध्ये एका शेतकऱ्याला झाडाची मुळे खणताना चार धातुशिल्पे मिळाली : दोन बैल जोडलेला आणि उभ्या सारथ्याने हाकलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. रथाची लांबी सुमारे ४५ सेंटिमीटर आहे. प्राण्यांची शिल्पेही चाकांवर चालावीत अशीच घडवलेली आहेत. ती उत्खननाच्या थरात सापडली नसल्याने त्यांच्या काळाविषयी अभ्यासकांत मतभेद झाले. ती उत्तर हडप्पा काळातील आहेत असे अनेकांनी मानले, तर धातूच्या पृथक्करणाच्या आधारे काहींनी शंका घेतली. तो वाद येथे सोडवण्याचे कारण नाही. आमच्या दृष्टीने महत्त्व आहे ते चाकाला. चाक स्वतःभोवती फिरते आणि रथ सरळ पुढे जातो. पाठ्यपुस्तकाच्या भाषेत बोलायचे तर एका गतीतून दुसरी गती निघते, वर्तुळाकार गतीतून रेषीय. शिवाय चाकाचा एक फेरा पुरा झाला की रथ नेमका चाकाच्या परिघाइतका पुढे सरकलेला असतो. म्हणजे चाक हे वाहनही आहे आणि मापही. पट्टी आणि चाक एकाच गावच्या मातीत मिळावेत हा योगायोग असेल. पण लांबी आणि गती एकाच धड्यात का शिकवतात, याचे उत्तर त्यात आहे.

प्रवरेच्या प्रवाहाने आणखी खाली गेले की नेवासे लागते. शके १२१२, म्हणजे १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी येथे सिद्ध झाली. ज्या खांबाला टेकून ज्ञानदेवांनी गीतेचा अर्थ सांगितला असे मानले जाते, त्याला लोक पैस खांब म्हणतात. दुर्गा भागवतांनी आपल्या निबंधसंग्रहाला 'पैस' हे नाव दिले, ते मराठीच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको. पैस म्हणजे विस्तार, ऐसपैस जागा. ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायात कर्म आणि अकर्म यांचा विचार चालू असताना एक दृष्टान्त येतो. नावेत बसलेल्या माणसाला काठावरची झाडे वेगाने धावताना दिसतात. नीट पाहिले की ती अचल आहेत हे कळते. त्याच ओघात, उदय आणि अस्त यांमुळे न चालणारा सूर्य चालतो असे वाटते, हाही दाखला येतो.

या ठिकाणी एक मोह आवरला पाहिजे. ज्ञानदेवांना आधुनिक खगोलशास्त्र ठाऊक होते, असे या ओव्यांच्या आधारे सांगणारी व्याख्याने आपण सर्वांनी ऐकली आहेत. ओव्यांचा विषय खगोल नाही. कर्म करूनही न करणारा पुरुष कसा असतो, हे त्यांना सांगायचे आहे. नावेचा दृष्टान्तही फार जुना आहे. आर्यभटाने ४९९ मधील आपल्या ग्रंथात तोच योजला, आणि तेथे मात्र विषय खरोखर खगोल आहे : नावेतल्या माणसाला जशा स्थिर वस्तू मागे जाताना दिसतात, तसे स्थिर तारे पश्चिमेकडे जाताना दिसतात, असे तो म्हणतो. एकच प्रतिमा एका ठिकाणी गणिताच्या कामी आली आणि दुसऱ्या ठिकाणी अध्यात्माच्या. ज्ञानदेवांचे श्रेय कमी होते ते त्यांच्यावर विज्ञान लादल्याने. त्यांच्या श्रोत्यांना गती ही पाहणाऱ्यावर अवलंबून असते हे अनुभवाने माहीत होते, आणि म्हणूनच तो अनुभव दृष्टान्त म्हणून वापरता आला, एवढे म्हटले तरी पुष्कळ आहे. दृष्टान्त नेहमी ऐकणाऱ्याच्या माहितीतलाच लागतो.

आता मापांकडे वळू. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त (११५०) आठ यवांचे एक अंगुल, चोवीस अंगुलांचा एक हस्त, चार हस्तांचा एक दंड, दोन हजार दंडांचा एक क्रोश आणि चार क्रोशांचे एक योजन असे कोष्टक आहे. जवाच्या दाण्यापासून योजनापर्यंतची ही साखळी धान्यातून निघते, शरीरातून जाते आणि प्रवासात संपते. क्रोश या शब्दाचा मूळ अर्थ हाक, ओरडणे. म्हणजे आपला कोस हा मुळात आवाज पोहोचेल तेवढा पल्ला. आठ हजार हातांवर कोणाची हाक पोहोचणार नाही हे उघड आहे. आकडा शास्त्राने नंतर नेमला असावा, शब्दात मात्र जुना अनुभव टिकून राहिला. आजही आपण 'हाकेच्या अंतरावर' म्हणतो. मजल हाही असाच शब्द. एका दमात, एका दिवसात चालून होईल ती मजल. विहिरीची खोली परसांत सांगत, ती माणसाच्या उंचीवरून.

पण ज्याच्या हातात सत्ता असते, त्याला प्रत्येकाचा हात चालत नाही. सभासदाच्या बखरीत शिवकालीन जमीनमोजणीची काठी पाच हात आणि पाच मुठींची सांगितली आहे. हात कोणता, तर चौदा तसूंचा, हेही लगेच बजावले आहे. वीस काठ्यांची बाजू असलेला चौरस तो बिघा, आणि एकशेवीस बिघ्यांचा चावर. शब्द शरीराचे राहिले, माप सरकारचे झाले. पुढे इंग्रजी अमलात, १८३६ पासून इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांच्या पाहणीतून जी मोजणीची पद्धत रूढ झाली, ती दख्खनभर पसरली. तिची साखळी तेहेतीस फुटांची, आणि तिचे भाग सोळा, म्हणजे आणे. तेहेतीस फूट लांब-रुंद चौरस तो गुंठा, चाळीस गुंठ्यांचा एकर. रुपयाचे सोळा आणे तसे साखळीचे सोळा आणे, हे शेतकऱ्याच्या जिभेवर सहज बसले. साखळीमागून साऱ्याचे आकडे आले. १८७५ मध्ये पुणे आणि नगर जिल्ह्यांत सावकारांविरुद्ध जे दंगे उसळले, त्यांच्या कारणांच्या चर्चेत वाढवलेल्या साऱ्याचाही विचार करावा लागला. माप हे कधीच नुसते माप नसते, हे आमच्या जिल्ह्याला पुस्तकाबाहेर कळलेले आहे. १९५६ च्या कायद्याने देशात मेट्रिक मापे आली. सातबाऱ्यावर हेक्टर आणि आर आले. बोलण्यात गुंठा अजून आहे.

गतीचेही असेच. पाठ्यपुस्तकात रेषीय, वर्तुळाकार, आंदोलित, नियतकालिक आणि यादृच्छिक अशी वर्गवारी असते. उदाहरणे लंबक, पंखा, झोपाळा यांची. एकेकाळी ही सगळी वर्गवारी मोटेच्या विहिरीवर एका जागी पाहता येई. बैल उतारावरून सरळ चालत, चाक गरगर फिरे, भरलेली मोट वर येई, रिती होऊन खाली जाई, आणि हा क्रम तासन् तास ठरावीक वेळाने चाले. बैलांच्या त्या उताराला धाव म्हणतात. बैल जेवढे चालतील तेवढीच मोट वर चढणार, म्हणून धावेची लांबी पाहून विहिरीतले पाणी किती खोल असेल याचा अंदाज करता येई. लांबीला गतीचे नाव देणारा याहून नेमका शब्द आम्हांला सापडला नाही. मोट गेली, इंजिने आणि विजेचे पंप आले. शब्द वाचनात अडतो, आणि विज्ञानाचे शिक्षक तो मराठीच्या शिक्षकांचा विषय समजतात.

आता त्या मुलीच्या उत्तराकडे येऊ. मीटर जन्मला तो १७९१ मध्ये फ्रान्समध्ये, पृथ्वीच्या मोजमापातून : उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतच्या अंतराचा एककोट्यंश भाग. पुढे तो धातूच्या दांड्यावर आला. १९८३ पासून त्याची व्याख्या अशी आहे : निर्वात पोकळीत प्रकाश एका सेकंदाच्या २९,९७,९२,४५८ व्या भागात जितके अंतर कापतो, ते अंतर म्हणजे एक मीटर. म्हणजे जगातील सर्वांत काटेकोर माप आज प्रवासाच्या वेळावरून ठरते. कोस हाकेवरून, मजल पावलांवरून, मीटर प्रकाशावरून. "एक रात्र" म्हणणारी मुलगी पद्धतीत चुकली नव्हती. तिच्या उत्तरात उणीव एवढीच की तिचा ट्रक प्रकाशासारखा एकाच वेगाने जात नाही. रस्ता खराब असेल तर रात्र लांबते. हे तिला सांगता आले असते. तिचे उत्तर चूक ठरवण्याऐवजी तेथूनच वेग म्हणजे काय हे शिकवता आले असते.

पाथर्डी-शेवगावकडची कुटुंबे दरवर्षी दिवाळीच्या सुमारास कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नवराबायकोच्या जोडीला तेथे एक कोयता म्हणतात. माणसे मोजण्याचेही एक माप आहे. याच प्रवरेच्या काठी, लोणीला, १९५० मध्ये सहकारी साखर कारखानदारीने पाय रोवले, याचा जिल्ह्याला रास्त अभिमान आहे. त्या अभिमानात या मुलांचा प्रवास सहसा मोजला जात नाही. वर्षातून एकदा जाणे आणि एकदा येणे ही नियतकालिक गतीच आहे. पण धड्यात तिचे उदाहरण नाही, आणि हजेरीपटावर ती केवळ गैरहजेरी म्हणून उमटते.

मराठीच्या शिक्षकाने विज्ञान शिकवावे असे आमचे म्हणणे नाही. वीत, कोस, मजल, धाव हे शब्द आपण शब्दार्थाच्या यादीत टाकतो, तेव्हा त्यांच्यात साठवलेले मोजमापही आपण फेकून देतो, एवढेच ध्यानात आणून द्यायचे आहे. आमच्या स्नेह्यांनी यंदा तो धडा निराळ्या रीतीने सुरू केला. प्रत्येक मुलाने आपल्या घरापासूनचे अंतर आधी आपल्या शब्दांत सांगायचे, मग किलोमीटरमध्ये. फळ्यावर दोन रकाने आखले. पहिल्या रकान्यात 'दोन शेते', 'एक चढ', 'हाकेवर' अशी उत्तरे आली. त्या मुलीचे नाव यंदा सातवीच्या पटावर आहे. मात्र ती अजून परतलेली नाही.