दुष्काळ, देऊळ आणि तुकोबांची साक्ष

तुकोबांच्या घरावर कोसळलेला दुष्काळ आपल्याला ठाऊक असतो तो बहुधा संतचरित्रकार महिपतींमुळे. त्यांचा ‘भक्तविजय’ १७६२ चा, तुकोबांच्या निर्याणानंतर शंभराहून अधिक वर्षांनी लिहिलेला. पहिल्या बायकोचे नाव, मुलाचे नाव, खतपत्रे इंद्रायणीत सोडल्याची कथा हे सारे चरित्रकारांच्या परंपरेतले. तिचा मान राखून ती क्षणभर बाजूला ठेवली आणि समकालीनांचे लेखन व तुकोबांचे अभंग एवढेच समोर घेतले, तरी पुष्कळ हाती लागते.

१६३० साली पावसाने दगा दिला. शाहजहान तेव्हा दख्खनच्या मोहिमेसाठी बऱ्हाणपुरात तळ ठोकून होता. त्याचा दरबारी इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी ‘बादशाहनामा’त लिहितो की, भाकरीसाठी माणसे स्वतःला विकायला निघाली, पण घेणारा कोणी नव्हता, मेलेल्यांची हाडे दळून पिठात मिसळली जात होती. दर सोमवारी पाच हजार रुपये वाटल्याचा हिशेबही तो देतो. धन्याचे औदार्य उठून दिसावे म्हणून त्याने चित्र थोडे गडद केले असेल. पण त्याच वर्षी सुरतेहून आग्र्याकडे निघालेल्या पीटर मंडी या इंग्रज व्यापाऱ्यालाही वाटेत जागोजागी प्रेतेच दिसली.

तुकोबांच्या गावी, देहूत काय झाले ते तुकोबाच सांगतात. संतांनी विचारले म्हणून, बोलू नये ते बोलतो आहे अशी कबुली देऊन, एका दीर्घ अभंगात त्यांनी आपली हकिगत सांगितली आहे. आईबाप गेले. दुष्काळात पैसा आटला, पत गेली. एक बायको अन्नासाठी टाहो फोडत मेली. तिचे नाव ते घेत नाहीत. लाज वाटली, धंद्यात तोटाच तोटा दिसू लागला.

पुढचा तपशील मला सर्वांत मोलाचा वाटतो. देवाचे देऊळ मोडकळीला आले होते, ते दुरुस्त करावेसे वाटले. मग एकादशीला कीर्तन सुरू केले. आणि इथे तुकोबा सरळ सांगून टाकतात की, सुरुवातीला त्यात मन नव्हते. संतांची वचने पाठ केली, पुढे गाणाऱ्यांच्या मागे धृपद धरले. स्वप्नातला गुरूपदेश आणि कवित्वाची स्फूर्ती हे सगळे नंतरचे. त्याही पुढे विरोध झाला, वह्या बुडवल्या गेल्या, ते धरणे धरून बसले आणि नारायणाने समाधान केले. एवढ्या कथनात बायको का मेली, देवाच्या मनात काय होते, याविषयी एक अक्षर नाही.

ते उत्तर येते दुसरीकडे. एका अभंगात दिवाळे निघाले, दुष्काळाने पिडले, गुरेढोरे गेली, अपमान झाला, या प्रत्येकाबद्दल ते देवाला ‘बरे झाले’ म्हणतात. त्यातूनच तुझे चिंतन उरले, असा त्यांचा हिशेब. आणखी एकात बायको मेली तेव्हा देवाने माया सोडवली, मूल मेले तेही बरे झाले, असे ते विठोबाला ऐकवतात. वाचताना अंगावर काटा येतो.

या अभंगांवर तारखा नाहीत. पण हिशेबाचा तो सूर भर दुष्काळातल्या माणसाचा नव्हे, शरण जाऊन स्थिरावलेल्याचा आहे. शरण आलो, हे दिवाळ्याच्या त्या अभंगातच आहे. दुष्काळातून निघताना त्यांच्या हाती अर्थ नव्हता. हाती होते देवळाचे काम आणि मन नसतानाही चालू ठेवलेली एकादशी. देवाचा हेतू त्यांना मागे वळून पाहताना दिसला, असे माझे मत आहे.

प्रवचनांत दुःखितांना ऐकवला जातो तो मात्र ‘बरे झाले’वालाच अभंग, तोही अनेकदा सुतकाच्या घरी. गाथा घरात असेल तर आधी तो दीर्घ आत्मकथनपर अभंग काढून वाचा, मग हे दोन.