एका पाण्याचा हिशेब

दुधातले पाणी मोजणे हे गवळ्याच्या गिऱ्हाइकाचे काम, असे आपण थट्टेने म्हणतो. परंतु स्फटिकातले पाणी मोजताना शास्त्रज्ञांचाही एक हिशेब तब्बल १६९ वर्षे चुकत राहिला.

१८३७ साली रशियातील रसायनज्ञ फ्रित्शे याने जुलाबाच्या एप्सम मिठाचे पाणी कडक थंडीत ठेवले, तेव्हा त्यातून एक निराळाच क्षार बाहेर पडला. एप्सम मिठात मॅग्नेशियम सल्फेटच्या प्रत्येक एककामागे पाण्याचे ७ रेणू असतात. या क्षारात त्याने १२ मोजले. हा स्फटिक मोठा नाजूक. सुमारे २ अंश सेल्सिअसच्या वर तो टिकत नाही. त्यामुळे अंगाला चिकटलेले पाणी कोणते आणि घडणीतले कोणते, हे तराजूने ठरविणे अवघडच होते.

२००६ साली कॅनडातील पीटरसन व वांग यांनी क्ष-किरणांनी त्याची रचना उलगडली, तेव्हा पाणी ११च भरले! त्यांपैकी ६ रेणू मॅग्नेशियमला वेढून बसलेले, उरलेले ५ मधल्या जागा भरणारे. बाराव्याला जागाच नव्हती.

येथे एका जुन्या वादाची आठवण होते. प्रत्येक पदार्थाचा स्फटिकाकार स्वतंत्र असतो, अशी फ्रेंच पंडित आउई याची शिकवण होती. १८१९ साली बर्लिनच्या मित्शरलिख याने दाखविले की, सारखी घडण असलेले भिन्न पदार्थ एकच आकार धारण करू शकतात. १७९७ साली वोकलाँ याने शोधलेल्या क्रोमियमचे क्षार याचे उत्तम उदाहरण होत. सल्फेटात गंधकाभोवती व क्रोमेटात क्रोमियमभोवती ऑक्सिजनचे ४ अणू चतुष्फलकाच्या कोपऱ्यांवर असतात. मग सल्फेटाला ११ पाणी, तर क्रोमेटाला का नसावे? प्रयोगशाळेत मॅग्नेशियम क्रोमेटाचा द्राव गोठवून तसा स्फटिक मिळविला गेला आणि २०१२ साली त्याची रचना प्रसिद्ध झाली. ती सल्फेटाच्याच धर्तीची निघाली.

जुन्या फाइलीतला आकडा पुढच्या कारकुनाने तसाच उतरवावा, हा अनुभव आम्हां कचेरीतल्या लोकांना नवा नाही. तथापि, आकडा चुकला म्हणून फ्रित्शेचा शोध खोटा ठरला नाही. क्षार त्याने खरोखरच पाहिला होता. हिशेब तेवढा पुढच्या पिढ्यांनी पुरा केला.